झाकणाखालचं गाणं आज वाजतं का?

फुकट गाणं देणाऱ्या जाहिरातीचं परीक्षण ती जाहिरात चालू असताना करून काही हाती लागत नाही. तेव्हा गाणं ताजं असतं, कोड चालत असतो, सगळे खूश असतात. दहा-पंधरा वर्षं गेली, मधे संगणक बदलले, देश बदलला, गाणं देणारं दुकानच बंद झालं, आणि तरीही त्या फाइलवर क्लिक केलं की गाणं वाजतं का, हे मी पाहते. माझ्याकडे २००४ पासूनची अशी गाणी आहेत. शीतपेयाच्या झाकणाखालची, कॉफीच्या दुकानातल्या कार्डावरची, मोबाइलच्या खोक्यातून आलेली. त्यातलं काय टिकलं आणि का टिकलं, हे मनापासून सांगावंसं वाटतं, कारण आता गाणी देण्याची ही पद्धतच जवळपास संपली आहे आणि तिच्या जागी आलेली पद्धत मला पटत नाही.

मी मूळची सांगलीची, घरात गाणं. लग्नानंतर २००३ मध्ये शिकागोजवळच्या नेपरव्हिलला गेले. एच-४ व्हिसा, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. हाताशी वेळ भरपूर आणि कान भुकेलेले. सोबत नेलेल्या कॅसेटी आणि थोड्या सीडी ऐकून झाल्या की नवीन संगीत आणायचं कुठून, हा प्रश्न तेव्हा साऱ्या अमेरिकेलाच पडला होता. नॅपस्टर या फुकट गाणी वाटणाऱ्या सेवेवर न्यायालयाने बंदी घातली होती, तसल्याच काझावरून लोक सर्रास गाणी उतरवत होते, आणि २००३ च्या सप्टेंबरपासून रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने गाणी उतरवणाऱ्या साध्या माणसांवर, शाळकरी मुलांवरसुद्धा, खटले भरायला सुरुवात केली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲपलने आयट्यून्सचं दुकान उघडलं होतं, ९९ सेंटला एक गाणं.

त्या वातावरणात १ फेब्रुवारी २००४ ला सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पेप्सीची जाहिरात लागली. ज्यांच्यावर खटले झाले होते तीच मुलं जाहिरातीत होती आणि सांगत होती की आम्ही अजूनही फुकट गाणी घेतो, पण आता कायद्याने. पेप्सी आणि ॲपल मिळून १० कोटी गाणी वाटणार होते. ३० कोटी बाटल्यांना पिवळी झाकणं, दर तीन झाकणांमागे एक जिंकणारं. झाकणाच्या आत कोड छापलेला असायचा, तो आयट्यून्समध्ये घालायचा आणि दुकानातलं हवं ते एक गाणं घ्यायचं.

‘हवं ते’ हेच या जाहिरातीचं मोठेपण होतं आणि मी तिला त्यासाठी आजही भरपूर गुण देते. कंपनीने निवडलेला एखादा नवखा गायक गळ्यात मारला नव्हता. लाखो गाण्यांचं दुकान तुमच्यापुढे उघडं, तुम्ही निवडा. शिवाय झाकण वटलं की पेप्सीकडून ॲपलला पैसे आणि तिथून रेकॉर्ड कंपनीला. ऐकणाऱ्याला फुकट, गाणाऱ्याला मात्र त्याचा वाटा. चोरून उतरवलेल्या गाण्यात आणि या गाण्यात हा फरक होता आणि तो मला फार महत्त्वाचा वाटत होता. आमच्याकडे गाणं शिकवणाऱ्या बाईंना दक्षिणेचं पाकीट दिल्याशिवाय माझे वडील मला घरी आणत नसत. त्या संस्कारात वाढलेल्या माणसाला काझा कधी पचलंच नाही.

अडचण झाकणं मिळण्याची होती. पिवळी झाकणं फक्त २० औंसाच्या आणि एक लिटरच्या बाटल्यांना होती. त्या वर्षी गुढीपाडवा मार्चमध्ये होता, म्हणजे ऐन योजनेच्या काळात. पाडव्याच्या जेवणाला मंडळींनी पेप्सी आणली ती दोन लिटरची, कारण वीस माणसांना तीच परवडते. तिची झाकणं साधी. शिवाय कित्येक शहरांत पिवळ्या झाकणांच्या बाटल्या फार उशिरा पोचल्या आणि ३१ मार्चला योजना संपलीसुद्धा. कोड वटवायला एप्रिलअखेरपर्यंत मुदत होती. १० कोटींपैकी वटली सुमारे ५० लाख गाणी. शंभरातली पाच. बाटली तिरकी धरून झाकणाच्या कडेखालून पाहिलं तर आत कोडाची अक्षरं आहेत की ‘पुन्हा प्रयत्न करा’ अशा अर्थाचा शब्द, हे न उघडताच कळायचं. ही युक्ती तेव्हा अमेरिकाभर पसरली होती. दुकानात फळीसमोर बाटल्या तिरक्या करून बघणारी कॉलेजची पोरं मी पाहिली आहेत. मी स्वतः डाएट पेप्सी घ्यायचे आणि जे निघेल ते निघेल म्हणून घरी येऊन उघडायचे. उघडतानाची ती उत्सुकता मला त्या गाण्याइतकीच प्रिय होती.

आता आमच्यासारख्यांना जाणवलेली गोष्ट. पहिला कोड हातात आल्यावर मी काय शोधलं असेल? ख्याल. आयट्यून्समध्ये तेव्हाही हिंदुस्तानी संगीत होतं, भले थोडं असेल. पण लांब ट्रॅक सुटा विकत नसत. तिथे ‘फक्त अल्बमसोबत’ असं लिहिलेलं असे. चाळीस मिनिटांचा राग ९९ सेंटला द्यायला रेकॉर्ड कंपनी कशी तयार होईल? त्यांचं बरोबर होतं. पण त्यामुळे झाकणाखालचं ‘गाणं’ म्हणजे तीन-चार मिनिटांचं गाणं, हे ठरूनच गेलं. ठुमरी मिळायची, एखादी छोटी धून मिळायची, बडा ख्याल नाही. आपल्या संगीताचं माप त्या योजनेत बसतच नव्हतं, आणि ही गोष्ट मला पुढच्या प्रत्येक योजनेत दिसली.

दुसरी गोष्ट आवाजाची. १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) एएसी फाइल, म्हणजे आवाज दाबून लहान केलेली. पॉप गाण्याला पुरते. तानपुऱ्याच्या जवारीला पुरत नाही, तिचा तो सूक्ष्म झंकार पातळ होतो. हेडफोन लावून तीच गोष्ट सीडीवर ऐका, लगेच कळेल.

आणि तिसरी, सगळ्यांत मोठी: त्या फायलींना कुलूप होतं. ॲपलच्या त्या कुलपाचं नाव फेअरप्ले. गाणं ठरावीक संगणकांवरच वाजणार, आधी तीन आणि पुढे पाच, आणि तेही तुमच्या खात्याने परवानगी दिली तर. दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर नाही. सीडी बनवून ती पुन्हा संगणकात उतरवायची वाट होती, पण तेवढा खटाटोप किती जण करतात? २००९ मध्ये ॲपलने कुलूप काढलं, दर्जा २५६ केबीपीएस केला. चांगलं केलं. मात्र जुनं गाणं नव्या रूपात हवं तर गाण्यामागे ३० सेंट मागितले. फुकट मिळालेल्या गाण्याचं कुलूप उघडायला ३० सेंट. मी ते आनंदाने भरले, काही गाण्यांसाठी.

२००५ मध्ये पेप्सीने पुन्हा तीच योजना आणली, या वेळी २० कोटी गाण्यांची, शिवाय आयपॉड मिनी या ॲपलच्या छोट्या प्लेअरची बक्षिसं. तिच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही.

मॅकडोनाल्ड्सचं मात्र सांगायला हवं, कारण तिथे काय चुकू शकतं ते पूर्ण चुकलं. २००४ च्याच जूनमध्ये त्यांनी बिग मॅकच्या जेवणासोबत सोनीच्या ‘कनेक्ट’ दुकानातल्या एका गाण्याचा कोड द्यायला सुरुवात केली. बिग मॅक गोमांसाचा, आमच्या घरात खाल्ला जात नाही. नवऱ्याच्या ऑफिसातले लोक कोडाचे कागद त्याला देऊन टाकत. गाणी निवडायला मजा आली. पण कनेक्टवरची गाणी एट्रॅक नावाच्या सोनीच्याच स्वरूपात होती, सोनीच्याच यंत्रांवर आणि सोनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये वाजणारी. २००७ मध्ये सोनीने दुकान बंद करणार असल्याचं जाहीर केलं आणि २००८ मध्ये ते बंद झालं. ज्यांनी वेळेवर सीडी बनवून ठेवल्या त्यांची गाणी वाचली. दुकानाचं आयुष्य चार वर्षांचं आणि गाण्याचं आयुष्य दुकानाला बांधलेलं.

म्हणूनच पेप्सीची २००८ ची योजना मला सगळ्या अमेरिकन योजनांत सरस वाटते, जरी तिची आठवण कोणी काढत नसलं तरी. या वेळी जोडीदार ॲमेझॉन होता. ॲमेझॉनचं एमपी३ दुकान २००७ च्या सप्टेंबरात उघडलं होतं आणि त्यातली सगळी गाणी बिनकुलपाची होती. पाच झाकणांचे गुण जमले की एक गाणं. पाच म्हणजे जास्त, हे खरं. तीनात एक जिंकणाऱ्या झाकणाचा थरारही त्यात नव्हता. पण जे मिळायचं ते साधं एमपी३. पेन ड्राइव्हवर घाला, गाडीत लावा, सांगलीला भावाला पाठवलेल्या सीडीत टाका. मी आता पुण्यात आहे, आणि त्या फायली आजच्या माझ्या फोनवर कोणतंही खातं न उघडता वाजतात.

स्टारबक्सबद्दल मला विशेष माया आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या सुमारे १० हजार दुकानांत गाण्यांची कार्डं वाटली. रोज एक नवं गाणं, एकूण ५ कोटी कार्डं. खिशात मावणारं कार्ड, पुढे कलाकाराचं चित्र, मागे आयट्यून्सचा कोड. ती मोहीम संपल्यावर दर आठवड्याला एक निवडलेलं गाणं येऊ लागलं. इथे ‘हवं ते’ नव्हतं, त्यांनी निवडलेलं घ्यायचं. एरवी मी याला कमी गुण देते. पण स्टारबक्सची निवड करणाऱ्यांना कान होता. ‘हिअर म्युझिक’ नावाची त्यांची स्वतःची रेकॉर्ड कंपनी होती आणि तिने त्याच वर्षी पहिला अल्बम काढला तो बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीचा. कार्डांवर एका आठवड्याला जुना लोकगायक, पुढच्या आठवड्याला कोणी नवखी मुलगी एकट्या गिटारवर गाणारी, मग जॅझ.

मी कॉफी पीत नाही. दुकानात मैत्रिणीबरोबर जायचे, चहा घ्यायचे आणि काउंटरवरचं कार्ड उचलायचे. घरी येऊन गाणं उतरवायचं आणि स्वयंपाक करताना तेच तेच ऐकायचं. अमेरिकन लोकसंगीतातला तो कोरडा, सरळ लावलेला आवाज, जो आमच्याकडे शिकवताना ‘आकार नीट लाव’ म्हणून सुधारला गेला असता, त्याचं सौंदर्य मला या कार्डांनी शिकवलं. मी स्वतःहून ते गाणं कधी निवडलं नसतं. कान कसा घडतो याबद्दल माझा तोवरचा विचार असा होता की गुरू लागतो, किंवा निदान रेडिओ लागतो. एका कॉफीवाल्याने वर्षभर तो रेडिओ होऊन दाखवला. त्यातलं एक गाणं मी पुढे शिकागोच्या महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात हार्मोनियमवर वाजवलं, भैरवीच्या आधी, आणि लोकांनी ते पुन्हा वाजवायला लावलं. कार्डावर मुदत असायची, तेवढं बघावं लागे. फायलींतल्या काहींना फेअरप्लेचं कुलूप होतं, २००९ नंतरच्या सगळ्या मोकळ्या.

२०१० मध्ये आम्ही परत आलो आणि इथे मला जे दिसलं त्याने मी थक्क झाले. ज्या योजनेला युरोपात यश मिळालं नव्हतं, ती भारतात अधिक चांगल्या रूपात आली होती. नोकियाने २००८ मध्ये ब्रिटनमध्ये ‘कम्स विथ म्युझिक’ सुरू केलं होतं: फोन घ्या आणि वर्षभर हवी तेवढी गाणी उतरवा. तिथे गाण्यांना कुलूप होतं, म्हणून गाणं त्या फोनला आणि एका संगणकाला जखडलेलं. भारतात २०१० मध्ये ती योजना ‘ओव्ही म्युझिक अनलिमिटेड’ या नावाने आली आणि इथल्या गाण्यांना कुलूपच नव्हतं. पुढे २०११ च्या जानेवारीत नोकियाने बहुतेक देशांत ती योजना गुंडाळली, पण भारत, चीन आणि इंडोनेशियात चालू ठेवली. काझाच्या जमान्यात अमेरिकेत जे कोणी द्यायला धजलं नाही, ते इथे एका साध्या फोनच्या खोक्यावर छापून मिळत होतं.

माझ्या भावाने सांगलीत नोकिया ५२३५ घेतला होता. त्याला फोन करण्यापुरता फोन हवा होता. गाण्यांचा ताबा मी घेतला. थ्रीजी तेव्हा गावात आलं नव्हतं, म्हणून संगणकावरून उतरवायचं. ब्रॉडबँडच्या योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ डेटा मोफत असे. २५६ केबीपीएसच्या वेगाने पाच एमबीचं गाणं उतरायला सुमारे अडीच मिनिटं. एक लावून ठेवायचं, पुढचं शोधायचं. हिंदी चित्रपटगीतं तर होतीच, शिवाय मराठी भावगीतं, अभंग, आणि थोडी नाट्यपदं. आईला तिच्या लहानपणी रेडिओवर ऐकलेलं पद तिच्या मुलाच्या फोनवर वाजताना ऐकायला मिळालं. तिने विचारलं, ‘हे परत ऐकायचं तर पैसे पडतील का?’ नाही पडणार, आई. ती गाणी पुढे तिच्या छोट्या प्लेअरवर गेली, मग माझ्या संगणकावर, आणि आजही आहेत.

उणिवा होत्या. गायकाचं नाव एका गाण्याला एक आणि दुसऱ्याला भलतंच लिहिलेलं, एकाच नाटकाची पदं तीन वेगवेगळ्या अल्बमांत विखुरलेली, संगीतकाराचं नाव बहुतेक ठिकाणी गायब. मराठी गाण्यात चाल कोणाची हे आपण आधी विचारतो. पाश्चात्त्य गाण्यांसाठी आखलेल्या यादीत त्या माहितीला जागाच नव्हती. रागाची गोष्ट इथे मात्र वेगळी: वर्षभर मर्यादा नसल्यामुळे अल्बमच्या अल्बम उतरवता येत होते, म्हणजे ख्यालसुद्धा. माझ्या मापाने ही आजवरची सर्वांत उत्तम योजना.

त्यानंतरच्या दोन मोठ्या योजना झटपट सांगते. २०१३ च्या जुलैत सॅमसंगने अमेरिकन रॅपर जे-झीच्या नव्या अल्बमच्या १० लाख प्रती गॅलेक्सी फोनवाल्यांना वाटल्या, प्रत्येकी पाच डॉलर कलाकाराला मोजून. कलाकाराला आगाऊ पैसे, हे मला आवडलं. ॲपने मात्र फोनमधली इतकी माहिती मागितली की अमेरिकेत त्यावर तक्रारी झाल्या, आणि त्या बाबतीत तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. मग ९ सप्टेंबर २०१४ ला ॲपलने यू-टू या आयरिश रॉक बँडचा अल्बम ११९ देशांतल्या सुमारे ५० कोटी खात्यांत परस्पर ठेवून दिला. फायली मोकळ्या होत्या, दर्जा उत्तम होता, म्हणजे माझ्या कसोटीला त्या उतरतात. तरी लोक इतके चिडले की आठवड्याच्या आत अल्बम काढून टाकण्यासाठी वेगळं पान द्यावं लागलं. न मागता घरात आणून ठेवलेलं गाणं कितीही चांगलं असलं तरी ते माझं होत नाही. स्टारबक्सचं कार्डसुद्धा मी हात पुढे करून उचललं होतं.

आज काय मिळतं? रिचार्जसोबत एखाद्या ॲपचे तीन महिने, बिस्किटाच्या पुड्यावर महिनाभराचं सदस्यत्व. त्यात ‘डाउनलोड’ असं बटण असतं, पण गाणं ॲपच्या आत राहतं. तुम्हाला फाइल दिसत नाही, ती कोणाला देता येत नाही, सदस्यत्व संपलं की वाजत नाही. एअरटेलचं विंक म्युझिक २०१४ ला आलं, एअरटेलच्या ग्राहकांना कित्येक वर्षं ते मोफत होतं आणि २०२४ मध्ये ते बंद झालं. त्यात ‘उतरवून’ ठेवलेल्या गाण्यांच्या याद्या लोकांनी मनापासून जमवल्या होत्या. सोनी कनेक्टच्या वेळी निदान सीडी बनवायची वाट होती. इथे तीही नाही. म्हणून अशा मोफत महिन्यांना माझ्याकडून शून्य गुण. ऐकायला घ्या, काही हरकत नाही, पण ‘गाणं मिळालं’ असं मानू नका.

मला एक मागणं मांडायचं आहे, आणि ते अमेरिकन कंपन्यांपुढे नाही, इथल्या प्रायोजकांपुढे आहे. पुण्यात, ठाण्यात, सांगलीत दिवाळी पहाट होते. सराफ, बँका, बिल्डर, मसालेवाले तिला पैसे देतात आणि मंचामागे त्यांचे फलक लागतात. पहाटे साडेपाचला शेकडो माणसं तयार होऊन येतात, ललत किंवा अहिर भैरव ऐकतात आणि पासचा कागद खुर्चीवर ठेवून जातात. त्या पासच्या मागे कोड छापा. कलाकारांना आणि साथीदारांना ध्वनिमुद्रणाचं वेगळं मानधन द्या, त्यांची लेखी परवानगी घ्या. ज्याला हवं तो आठवड्याभराने कोड घालून त्या पहाटेचा राग उतरवून घेईल. ॲप नको, खातं नको, फोन नंबर मागू नका. बिनकुलपाचा एमपी३, ३२० केबीपीएसचा, म्हणजे तानपुरा ऐकू येईल. फायलीत गायक, तबला, संवादिनी, राग, ताल आणि तारीख नीट लिहिलेली. आणि ख्याल विलंबितपासून द्रुतपर्यंत अखंड, मधे कुठेही न तोडता. तुमचं नाव फायलीत घाला, खुशाल घाला. ते वीस वर्षं माझ्या संगणकावर राहील.